अक्षराला डोक्यावर आणि पायाखालीही जागा लागते

मांडणीचे नियम सगळ्यांना पाठ असतात: जवळीक, विरोध, रांगेत लावणं, पुनरावृत्ती, मोकळी जागा. तरीही तयार टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर टाकला की घोळ सुरू होतो. शीर्षकातले उकार खालच्या ओळीत घुसतात, बटणातला रफार छाटला जातो, फोटोवरचा अनुस्वार पार दिसेनासा होतो. टेम्प्लेटमधले आकडे रोमन लिपी समोर ठेवून बसवलेले असतात आणि देवनागरीचा पसारा उभा असतो, म्हणून हे होतं. वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक लटकलेली जोडाक्षरं. त्यामुळे आधी ही उभी जागा मोजायची, मग रंग, चित्र, सजावट.

मोजायची कशी? एक चाचणीची ओळ कायम जवळ ठेवा: ‘कर्तृत्व, राष्ट्रीय, ऱ्हास, द्वंद्व, सूर्यांमध्ये, हृदय, क्रूर, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर’. ही ओळ ठरवलेल्या फॉन्टमध्ये आणि ठरवलेल्या आकारात एकाखाली एक अशी तीनदा टाका, दर वेळी शब्दांचा क्रम बदलून, म्हणजे ‘क्रूर’च्या खाली ‘सूर्यांमध्ये’ येईल. वरच्या ओळीतल्या ‘क्रू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘र्यां’च्या रफाराला टेकत असेल तर अंतर वाढवायला हवं. सलग वाचायच्या मजकुराला फॉन्टच्या आकाराच्या दीडपट ते १.७ पट अंतर बहुतेक वेळा पुरतं. शीर्षकांना रोमन टेम्प्लेट १ ते १.१ पट देतात, ते देवनागरीत चालतच नाही. १.२५ च्या खाली जाऊ नका. एका ओळीचं शीर्षक सुटसुटीत दिसतं म्हणून सगळे निर्धास्त राहतात, आणि मोबाइलवर त्याच्या दोन ओळी झाल्या की टक्कर होते.

याच ओळीने फॉन्टचीही परीक्षा होते. ‘ऱ्हास’ आणि ‘तऱ्हा’ यांतला आडवा, पापणीसारखा र नीट उमटला का? ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन तर आला नाही ना? ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे का, की हिंदी वळणाचा? चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. वेबपानात ती भाषेच्या खुणेत सांगावी लागते, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या पॅनेलमधून निवडावी लागते. ‘तिरो देवनागरी मराठी’सारख्या फॉन्टमध्ये मराठी वळण आधीपासूनच असतं. ‘मुक्त’, ‘बालू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ हेही मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे फुकट मिळाला म्हणून कुठलातरी ओबडधोबड फॉन्ट वापरायची सबब आता उरलेली नाही.

आकाराचा आकडा मात्र फसवा असतो. १६ पिक्सेलचे दोन देवनागरी फॉन्ट शेजारी ठेवा, एक ठसठशीत दिसेल आणि दुसरा किरकोळ. फॉन्टच्या आकारात वरच्या-खालच्या चिन्हांची जागाही धरलेली असते, आणि ती कुणी किती सोडायची हे प्रत्येक फॉन्टकर्त्याचं वेगळं असतं. म्हणून ‘क’ची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची बघून तुलना करा. रोमनला १६ पिक्सेल पुरत असतील तर देवनागरीला बहुधा १७ ते १८ लागतात. एकाच वाक्यात दोन्ही लिप्या येत असतील तर रोमन शब्द थोडे लहान करून ‘क’शी जुळवून घ्या, नाहीतर परभाषेतलं एखादं नावच ओळीत बोंब मारत उभं राहतं.

आता शिरोरेषेचे शत्रू. पहिला शत्रू म्हणजे अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग. रोमन मथळ्यांना ऐटदार दिसावं म्हणून ते वाढवतात. देवनागरीत ५ टक्के वाढवलं तरी बहुतेक फॉन्टमध्ये शिरोरेषेला फटी पडतात आणि शब्द शब्द राहत नाही, सुटी अक्षरं होतात. अंतर शून्यच ठेवा. हवा खेळायला हवी असेल तर शब्दांमधली जागा वाढवा. जस्टिफाय करताना, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ जुळवताना, काही सॉफ्टवेअर ओळ भरायला गुपचूप अक्षरांमधलं अंतर ताणतात, तेही बंद करा. तसंही अरुंद रकान्यात मराठी मजकूर असा दोन्हीकडून सरळ बसवण्यात अर्थ नाही. मराठीत लांब शब्द भरपूर, ते तोडायची सवय कमी, म्हणून शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं सोडलेलं बरं.

दुसरा शत्रू अक्षरांची बाह्यरेषा. थंबनेलवर पिवळ्या अक्षरांना जाड काळी बॉर्डर देतात, ती देवनागरीला दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक उभी काळी रेघ दिसते. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून फॉन्टकर्ता शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर किंचित चढवतो. बॉर्डर प्रत्येक अक्षराला वेगळी लागते आणि तो झाकलेला सांधा उघडा पडतो. अक्षरं अर्धपारदर्शक केली तर काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागी गडद ठिपके येतात. उपाय सोपा: तोच मजकूर दोन थरांत ठेवा, खालच्याला बॉर्डर, वरच्याला नाही. किंवा मजकूर अंतिम झाल्यावर त्याचे आकार करून एकत्र जोडा, मग बॉर्डर लावा. पारदर्शकता द्यायचीच तर अख्ख्या थराला द्या.

तिसरा शत्रू म्हणजे खोटा ठळकपणा. फॉन्टमध्ये ठळक वजन नसेल तर सॉफ्टवेअर रेघा दोन्ही बाजूंनी फुगवतं. ‘म’ची गाठ बुजते, ‘ष्ट्य’ आणि ‘क्ष्म’ यांचा नुसता डाग होतो. खोट्या तिरकेपणाचंही तेच. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही, यंत्र सरळ अक्षर ढकलून वाकडं करतं आणि शिरोरेषेशी दंडाचा काटकोन मोडतो. जोर द्यायला ठळक वजन, रंग किंवा अवतरणचिन्ह वापरा. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच. म्हणजे ज्या टेम्प्लेटमध्ये छोट्या कॅपिटल अक्षरांतली ओळ ‘हे सदराचं नाव आहे’ असं सांगते, तिथे मराठी टाकल्यावर ती ओळ मजकुरात विरघळून जाते. तिला रंग किंवा वजन वेगळं द्यावंच लागतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. लहान आकारात ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, तो नेमका का होतो हे बघण्यासारखं आहे. ‘भ’ आणि ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते आणि डावीकडे छोटं वळण असतं. ओळख त्या फटीत असते. ९–१० पिक्सेलच्या आकारात ती फट एका पिक्सेलहूनही लहान होते, पडदा तिला राखाडी करतो आणि डोळा ती जोडून टाकतो. मग ‘भार’ ‘मार’ वाचला जातो, ‘धडा’ ‘घडा’ होतो. ‘ब’ आणि ‘व’मध्ये फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, ‘चिंता’ आणि ‘चिता’मध्ये एका ठिपक्याचा. म्हणून तळटिपा, नकाशावरची नावं, आलेखाच्या अक्षावरचे शब्द यांना पडद्यावर १३ पिक्सेलपेक्षा लहान करू नका. तेवढी जागा नसेल तर शब्द कमी करा.

ओळीची लांबी आणि ‘नाही’ची जागा

सलग वाचनासाठी ओळ ४५ ते ७५ अक्षरांची असावी असं रोमन लिपीबद्दल सांगतात. हा आकडा मराठीत सरळ उचलता येत नाही. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द संगणक १५ चिन्हं म्हणून मोजतो, कारण वेलांटी, हलन्त, काना, अनुस्वार हे सगळे त्याच्या लेखी वेगवेगळे. डोळ्याला मात्र चारच अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थ्यां, नी. शीर्षकाला ६० चिन्हांची मर्यादा घातली की मराठी मथळा अर्ध्यातच छाटला जातो, आणि छाटताना जोडाक्षराच्या मधोमध कात्री लागली तर शेवटी लोंबता हलन्त उरतो. मराठीत शब्द मोजलेले बरे. पानावर ओळीला ९ ते १२ शब्द, मोबाइलवर ५ ते ७. त्याहून लांब ओळ झाली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो; अशी ओळ ठेवावीच लागली तर ओळींमधलं अंतर आणखी वाढवा.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘उद्या कार्यालय उघडं राहणार नाही’ या सूचनेचं ‘नाही’ एकटं दुसऱ्या ओळीत गेलं तर घाईतला माणूस पहिली ओळ वाचून निघून जातो. मोबाइलवरच्या यादीत तर तिथे तीन टिंबं येतात आणि सूचना उलटीच होते. ‘राहणार’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये न तुटणारी जागा (नॉन-ब्रेकिंग स्पेस) टाका म्हणजे दोन्ही शब्द जोडीने खाली उतरतात. छाटलं जाण्याची शक्यता असेल तर नकार पुढे आणा: ‘उद्या कार्यालय बंद’. ‘१० मिमी’, ‘२४ तास’ अशा आकडा-एकक जोड्यांनाही तीच जागा लावा. मोठं शीर्षक हाताने तोडताना अर्थाच्या सांध्यावर तोडा. दोन ओळी सारख्या लांबीच्या आल्या नाहीत तरी बिघडत नाही.

बटणात किंवा पट्टीत मजकूर मधोमध बसवताना सॉफ्टवेअर चौकटीचा मध्य काढतं, अक्षराचा नाही. देवनागरी शब्द मग वर चढलेला किंवा खाली बसलेला वाटतो. शिरोरेषा आणि अक्षराचा पाया यांचा मध्य धरा, उकार-वेलांट्या मोजू नका, आणि एक-दोन पिक्सेल हाताने सरकवा. फोटोशेजारी परिच्छेद ठेवतानाही फोटोची वरची कड शिरोरेषेशी जुळवा. बटणाची उंची पक्की बांधून ठेवली असेल आणि बाहेरचा भाग लपवायची सूचना असेल तर ‘र्की’ आणि ‘ट्टू’ दोन्हीकडून कापले जाणारच. उंची न बांधता वर-खाली पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या.

काय आधी दिसावं

नजर आधी कुठे जावी, मग कुठे, आणि शेवटी कुठे, हे तीन टप्पे कागदावर लिहून मगच सॉफ्टवेअर उघडावं. तीनच. चौथा टप्पा आला की तो तिसऱ्याशी भांडतो. टप्प्यांमधला फरक ढळढळीत हवा: १६ चा मजकूर आणि १८ चं उपशीर्षक हा फरक नसून चूक वाटते. १६, २०, २५, ३१, ३९ अशी सव्वापटीची शिडी पुस्तकी पानाला पुरते. पोस्टरला दुपटीच्या उड्या लागतात. तपासायला मांडणी इतकी लहान करा की काहीच वाचता येऊ नये, किंवा डोळे किलकिले करा. जे ढीग दिसतात तीच तुमची खरी मांडणी. लोगो सगळ्यात आधी दिसला तर बहुतेक वेळा काहीतरी चुकलेलं असतं, आणि ते सांगायची हिंमत डिझायनरने करायची असते.

जवळीक हा नियम मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमरने १९२३ साली ठिपक्यांच्या आकृत्यांतून दाखवला: जवळ असतं ते डोळा एकत्र बांधतो. मांडणीत त्याचा अर्थ एवढाच, की आतलं अंतर बाहेरच्या अंतरापेक्षा कमी हवं. उपशीर्षकाच्या वर २४ पिक्सेल सोडले असतील तर खाली ८ सोडा. दोन्हीकडे १६-१६ सोडलं की शीर्षक कुणाचंच राहत नाही, अधांतरी लटकतं. चित्राखालच्या ओळीचंही तसंच. ती चित्राला चिकटून आणि पुढच्या परिच्छेदापासून लांब हवी. हे एवढं जरी पाळलं तरी चौकटी, रेघा आणि रंगीत पट्ट्या यांतल्या निम्म्या काढून टाकता येतात.

रंगाचं काम मोजून करता येतं, ‘मला बरं वाटतंय’ यावर सोडायची गरज नाही. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला किमान ३:१ काँट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं गुणोत्तर, लागतो. मोठा म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट. पांढऱ्यावर काळा २१:१ भरतो. ० ते २५५ च्या मापात लाल, हिरवा, निळा तिन्ही ११८ असलेला राखाडी पांढऱ्यावर ४.५४ देतो म्हणजे जेमतेम पास, ११९ केला की ४.४८ आणि नापास. सगळीकडे दिसतो तो १५३ चा फिका राखाडी २.८५ वरच अडकतो. शुद्ध लाल पांढऱ्यावर ४ च्या जरा खाली आणि शुद्ध पिवळा १.०७, म्हणजे पांढऱ्यावर पांढरंच. देवनागरीच्या हलक्या वजनाच्या फॉन्टला मी ४.५ वर थांबत नाही, ७ धरतो, कारण अनुस्वाराचा ठिपका सगळ्यात आधी जातो.

या मोजणीत हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१.३ आणि निळ्याचा ७.२ असतो. डोळा तसाच बघतो. शुद्ध लाल आणि १२८ चा मध्यम हिरवा रंगचक्रात एकमेकांसमोर वाटतात, पण उजळपणात त्यांच्यात फक्त १.२८:१ इतकाच फरक आहे. त्यामुळे हिरव्यावर लाल अक्षरं थरथरतात, आणि लाल-हिरवा ओळखण्यात अडचण असलेल्या माणसाला तर ती वाचणं आणखी अवघड जातं. ‘लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक’ एवढ्यावर कधीच थांबू नका. सोबत शब्द, खूण किंवा आकार द्या. ६०-३०-१० टक्के रंगांचं सूत्र खोल्या सजवायला ठीक असेल, मजकुराच्या पानाला एक गडद, एक पार्श्वभूमी आणि एक लक्ष वेधणारा रंग पुरतो.

फोटोवर मजकूर

फोटोवर मजकूर ठेवताना सरासरी बघून चालत नाही, अक्षराखालचा सर्वांत वाईट कोपरा बघावा लागतो. पांढरा मजकूर आणि फोटोत एक पांढरा ढग: ‘र्’ नेमका त्यावर आला की गेला. उपाय म्हणजे फोटो आणि मजकूर यांच्यामध्ये काळा अर्धपारदर्शक थर. किती गडद? फोटोतला भाग अगदी पांढराशुभ्र असला तरी ४.५:१ मिळायला ५४ टक्के काळा थर लागतो, मोठ्या ठळक शीर्षकाला ३:१ साठी ४२ टक्के. फोटोचा तो भाग मुळातच गडद असेल तर कमी चालतो. सगळ्या फोटोवर थर टाकून त्याची रया घालवण्यापेक्षा मजकुराच्या बाजूने गडद आणि उलट बाजूला शून्य असा उतरता थर द्या. पण ५४ हा आकडा शेवटच्या शब्दाच्या टोकापर्यंत टिकला पाहिजे, थराच्या सुरुवातीला नव्हे. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पार्श्वभूमीत पानं, गर्दी, जाळी असं काही बारीक असेल तर नुसता थर पुरत नाही. अक्षरांच्या रेघांची जाडी आणि फोटोतल्या तपशिलाची जाडी सारखी झाली की डोळ्याला दोन्ही वेगळं काढता येत नाही. तिथे फोटोचा तेवढा भाग धूसर करा किंवा सरळ मजकुराला सपाट पट्टी द्या. पट्टीला ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडतात, पण ती वाचता येते.

चित्र आणि शब्द यांच्या नात्याबद्दल मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बरीच वर्षं प्रयोग केले आहेत. कामाच्या दोन गोष्टी. एक, चित्राच्या भागांची नावं चित्रावरच लिहा. १, २, ३ आकडे टाकून बाजूला यादी दिली की वाचणाऱ्याची नजर येरझाऱ्या घालते आणि समजून घ्यायची ताकद त्या फेऱ्यांतच खर्च होते. दोन, चित्र दाखवत बोलत असाल तर तेच वाक्य शब्दशः पडद्यावर छापू नका. डोळ्याला चित्रही बघायचं असतं आणि वाक्यही वाचायचं असतं, दोन्ही एकाच वाटेने जातात आणि कानाशी वाचनाचा वेग जुळत नाही. पडद्यावर दोन-तीन कळीचे शब्द ठेवा. ऐकू न येणाऱ्यांसाठीची मथळापट्टी, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणारी सबटायटलची पट्टी, ही वेगळी गरज आहे, ती द्यायलाच हवी.

चित्रातला माणूस डावीकडे बघत असेल तर मजकूर डावीकडे ठेवा; नजर नजरेमागे जाते. क्रॉप करताना मनगट, गुडघा, मान अशा सांध्यावर कापू नका, हातपाय तोडल्यासारखे वाटतात. कॅप्शनमध्ये दिसतंय तेच लिहू नका. कोण, कुठे, केव्हा, किती हे लिहा. पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकवतो तो, लिहिताना मात्र उलट, तिथे काय दिसतंय हेच सांगायचं असतं. आणि ज्या चित्रात अख्खी सूचना छापली आहे तिची अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, शोधात सापडत नाहीत, मोठी केली की फुटतात. सूचना खाली मजकुरात पुन्हा टाइप करा.

आलेखाबद्दल थोडक्यात. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवलं, की एकाच पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो, मग लांबी, मग कोन, आणि क्षेत्रफळात जास्त चुकतो. म्हणजे तुलना करायची तर स्तंभ, आणि स्तंभ शून्यापासूनच सुरू झाले पाहिजेत. वर्तुळाने दुप्पट दाखवताना त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं, त्रिज्या १.४१ पट करावी लागते. रंगांची सूची बाजूला देण्यापेक्षा नाव रेषेच्या टोकाशी लिहा. आकड्यांचा रकाना उजवीकडून जुळवा, आणि एकाच तक्त्यात देवनागरी आणि रोमन अंक मिसळू नका.

हलत्या चित्रावर

१९२०×१०८० च्या चौकटीत मजकूर चारही बाजूंनी ५ टक्के आत ठेवायची रीत आहे, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. उभ्या १०८०×१९२० च्या व्हिडिओत खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांखाली जाते, तिथे काही वाचायचं ठेवूच नका. मथळापट्टीला दोनच ओळी, ओळीची उंची चित्राच्या उंचीच्या ८ टक्क्यांच्या आसपास, आणि मागे काळी अर्धपारदर्शक पट्टी. किती वेळ ठेवायची हे ठरवायला मजकूर मोठ्याने वाचा आणि त्या वेळेच्या दीडपट द्या. एका सेकंदापेक्षा कमी कधीच नको. शॉट बदलताना पट्टी पुढच्या शॉटवर लोंबली की वाचणाऱ्याला वाटतं मजकूर बदलला, आणि तो तीच ओळ पुन्हा वाचतो. म्हणून पट्टी कटवर संपवा.

एकेक अक्षर टाइप होत जाण्याचा इफेक्ट देवनागरीला लावू नका. सॉफ्टवेअर चिन्हं मोजतं, त्यामुळे ‘क्षितिज’ उमटताना आधी ‘क’, मग हलन्त असलेला ‘क्’, मग ‘क्ष’, मग ‘क्षि’ अशी कसरत दिसते. शब्दागणिक आणा.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत पहिली वेलांटी अक्षरानंतर पडत असेल आणि जोडाक्षरं फुटत असतील तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो, टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेलं नसतं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये त्याच नावाचा कंपोजर, म्हणजे ओळी जुळवायचा पर्याय, असतो. सेटिंग बदलल्यावर आधी तयार केलेले मजकुराचे थर आपोआप सुधारत नाहीत, तेही बदलावे लागतात.

फाइल बाहेर काढताना मजकूर असलेलं चित्र पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये काढा. जेपीईजी रंगाची माहिती बहुधा निम्म्या तपशिलात साठवतं, त्यामुळे निळ्यावरच्या लाल अक्षरांच्या कडा पसरतात आणि भोवती माशा बसल्यासारखे ठिपके येतात. काळ्या-पांढऱ्यात ते कमी जाणवतं. मेसेजिंग ॲप चित्र पुन्हा दाबून लहान करतात, तेव्हा पाठवून उघडलेली प्रत तपासा, स्वतःजवळची नव्हे.

छपाईला जाणार असेल तर कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून वाढवलेली पार्श्वभूमी) द्या, म्हणजे ए-४ ची फाइल २१६×३०३ मिमी होते, आणि मजकूर कडेपासून किमान ५ मिमी आत. ३०० पिक्सेल प्रति इंच हे हातात धरून वाचायच्या छपाईचं माप. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे जेमतेम १० सेंटिमीटर पुरतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा जरासा सरकला की प्रत्येक वेलांटीला रंगीत सावली येते. गडद रंगातून पांढरी सोडलेली बारीक अक्षरं तर शाई पसरून बुजतातच. तिथे एक वजन जाड फॉन्ट घ्या.

लांबून वाचायच्या फलकासाठी हिशेब असा: निरोगी डोळा ६ मीटरवरून साधारण ८.७ मिमी उंचीचं अक्षर कसंबसं ओळखतो. १० मीटरला ती मर्यादा साडेचौदा मिमीची. पण हे साध्या अक्षराचं माप आहे, ‘ष्ट्री’चं नव्हे. तिप्पट धरा, म्हणजे १० मीटरसाठी ‘क’ची उंची ४५ मिमी. स्लाइडला हेच घरबसल्या तपासता येतं. सभागृहातली शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या आठपट लांब असेल, तर १९ सेंटिमीटर उंचीच्या लॅपटॉपपासून दीड मीटर मागे जाऊन उभे राहा.

पीडीएफ पाठवण्याआधी तिच्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. रोमन अक्षरांचा गाळ आला तर मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांची सामाईक अक्षर-संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तो बदलून घ्या, आणि बदलल्यावर ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं एकेक करून तपासा, कारण रूपांतरात बहुधा तीच बिघडतात. युनिकोड असूनही वेलांट्या जागच्या हलल्या असतील तर दोष पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. तेव्हा त्याच मजकुराची साधी वेबपानाची प्रतही सोबत द्या.